येळवसला रजा न मागणारे

दारात काय उभी राहिलीस पाहुण्यासारखी? ये, अशी जवळ बस, आणि तो फोन उलटा ठेव. इतक्या दिवसांनी आत्याकडं आलीस आणि चहा गार होईस्तोवर नुसती कुरकुर. कंट्रोल रूममधले लोक ऐकत नाहीत, कॉल दिला की वाद घालतात, रजेसाठी भांडतात. अगं सुजाता, माझ्याच खुर्चीवर बसतीस ना तू आता? मग भांडणाऱ्यांना नावं ठेवू नकोस. न भांडणारे कसे असतात ते मी बघितलंय.

ऐक. "मॅडम, येळवसला मी ड्युटी करतो," असं व्यंकट म्हणला, तेव्हा मी हातातलं पेन खाली ठेवलं.

आता हे बाहेरच्या माणसाला कसं कळावं? तुला ठाऊक असलं तरी आधी आमच्या वेळच्या कामाचं सांगते. विष्णुपुरीला, धरणाच्या अलीकडं आमची कंट्रोल रूम. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांच्या रक्षकांचं काम तिथून चालायचं. मी डिस्पॅचर. म्हणजे फोन घ्यायचा, कुठं काय झालंय ते नीट ऐकायचं, आणि रक्षकाला तिकडं धाडायचं. त्याला आम्ही 'कॉल देणं' म्हणतो. समोरून 'क्लिअर' आलं की गडी निघाला असं धरायचं.

रक्षक तिघं होते. व्यंकट आमच्या चाकूरकडचा, उडायचा. उदगीरचा रज्जाक भिंतीतून आरपार जायचा. आणि धर्माबादची शोभा, भरलेली ट्रॉली एका हातानं उचलायची. पेपरात फोटो यायचे, पोरं दप्तरावर त्यांची चित्रं चिकटवायची. पण मला ठाऊक होते ते फोटोतले नव्हते. व्यंकटला कॉल दिला की आधी विचारायचा, "मीच का? वारं बघा की किती हाय." रज्जाक म्हणायचा, "आपा, चाय तो पीने दो." आणि शोभा. कॉल कसलाही असो, माणूस मरणाच्या दारात असो, ती आधी "जय भीम, ताई" म्हणायची आणि मग पत्ता विचारायची. पत्ता पण खोदून खोदून. पूल कोणता, अलीकडं का पलीकडं, किती माणसं, लेकरं हायत का. वैताग यायचा. पण ती पोचायची तेव्हा सगळं तयार असायचं.

त्या साली दिवाळीनंतर तिघंही बदलले. कॉल दिला की "क्लिअर, मॅडम." एवढंच. वारं नाही, चहा नाही. रिपोर्ट त्याच दिवशी, अक्षर छापल्यासारखं. शोभासुद्धा "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायला लागली. आमचे साहेब साताऱ्याकडचे, शिस्तीचे, पण मनानं चांगले. ते खूश. मी पण खूश होते की. माझं बोलणं निम्म्यावर आलं होतं, घसा बरा झाला होता.

त्याच सुमारास वरून एक परिपत्रक आलं होतं. कुणाचंही रूप घेणारे कोणी आभाळातून उतरलेत, बऱ्याच ठिकाणी रक्षकांच्या जागी तेच बसलेत, आपापले रक्षक तपासा. खूण काय, तर कामात चुका होतील, विसर पडेल. साहेबांनी तिघांचं काम बघितलं. एक चूक नाही. त्यांनी 'सर्व ठीक' कळवून टाकलं. त्यांचंही काय चुकलं? काम सुधारलं म्हणून कोण कुणावर संशय घेतं?

मग येळवस आली. वेळ अमावस्या. साहेबांना मी दरसाल समजावून सांगायची की, साहेब, लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, तिच्यात दगडांचे पाच पांडव पुजायचे, कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील. रस्त्यानं जाणारा अनोळखी असला तरी हाताला धरून जेवायला बसवायचं. दिवाळीला ड्युटी करील, पण लातूरचा माणूस येळवसला करणार नाही. व्यंकट तर महिनाभर आधीपासून माझ्यामागं लागायचा. एकदा नाही म्हणले तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. रज्जाकचं उदगीरला शेत, त्याची अम्मी भज्जी करायची, तोही रजेला अडून बसायचा.

आणि त्या साली मी ड्युटीचा तक्ता घेऊन फिरले, तर व्यंकट म्हणतो, मी करतो. रज्जाक म्हणतो, मी पण करतो. नुसतं करतो म्हणले असते तरी एकवेळ चाललं असतं. घरी कुणी आजारी असेल, भावाभावांत वाटण्या झाल्या असतील. पण दोघांच्या तोंडावर काही नव्हतंच. जसं मी बुधवार म्हणले आणि त्यांनी बरं म्हणलं.

आपल्याकडं बहुरूपी येतात बघ, पोलिसाचा ड्रेस घालून दारात दरडावतात. पण बहुरूपी शेवटाला हसतो. हे हसत नव्हते.

मग शोभाकडं गेले. ती पण म्हणली, "मी ड्युटी करते, मॅडम."

माझा जीवच गेला. दोघं गेले ते गेले, ही पण गेली? भीती वाटली की मला राग येतो, माझा स्वभावच तसा. मी म्हणले, "मागच्या येळवसला माझ्या शेतात जेवलीस. निघताना उंडे न्यायला माझा डबा नेलास, स्टीलचा, झाकणावर माझं नाव घातलेला. अजून दिला न्हाईस. तू कुणीबी अस, मला काय करायचं न्हाई. माझा डबा आणून दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आणते, मॅडम." बस.

दुसऱ्या दिवशी डबा माझ्या टेबलावर. उघडते तर आत लाल मिरच्या, धर्माबादच्या, काठोकाठ.

मी खुर्चीत बसले ती बसलेच. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही रीत कुठल्या परिपत्रकात नसते, पोरी. मूठभर साखर घालतील, चार लिंबं घालतील, पण रिकामा देणार नाहीत. आणि ज्यांना दाखवायचीय शिस्त, ते डबा घासून पुसून देतील. आत काय घालायचं हे आईनंच शिकवलेलं असावं लागतं.

संध्याकाळी मी मुद्दाम सगळ्यांच्या देखत म्हणले, मिरच्या कांडपाला नेते. कांडपाच्या मशीनजवळ कसं असतं, तुला माहीतच आहे. कानठळ्या बसतात, सगळे शिंकत खोकत असतात, कोण कुणाचं ऐकत नाही. शोभा मागून आली. तोंडाला ओढणी. डोळ्यांतून पाणी. मिरचीचं होतं का कशाचं, मी विचारलं नाही.

तिनं माझ्या कानात जे सांगितलं, ते असं. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या खोलीत एक जण आला. समोर उभा राहून हळूहळू तिच्यासारखा दिसायला लागला. नाक आलं, केस आले. पुरता शोभा व्हायच्या आत हिनं त्याला उचलून शेतातल्या लोखंडी टाकीत घातलं आणि झाकणावर ट्रॅक्टर ठेवला. ड्युटीवर आली तर व्यंकट आणि रज्जाक दोघं आधीच बदललेले. दोघांनी तिच्याकडं बघून मान हलवली. म्हणजे त्यांना वाटलं, ही पण आपलीच. त्या क्षणाला ही बाई काय करते? परत मान हलवते.

तेव्हापासून शोभा शोभाचं सोंग करून राहिली होती. आपलंच नाव, आपलाच ड्रेस, आणि आपली एकही सवय बाहेर येऊ द्यायची नाही. हसायचं नाही, पत्ता खोदायचा नाही. त्या दोघांच्या मधी बसून जेवायचं. घरी बापाला पण सांगायचं नाही. बाप शाळेतून रिटायर झालेला मास्तर. तो म्हणाला म्हणे, नोकरीनं पोरगी लई गंभीर केली. मी माझ्या नोकरीत माणसं पुरातून ओढून काढणारी बघितली, पण याच्याएवढं अवघड काम कुणी केलेलं बघितलं नाही.

"आधी का न्हाई सांगितलंस?" मी ओरडूनच विचारलं. मशीन चालू होती.

"कोण खरं, कोण खोटं, कसं कळावं, ताई? तुम्हीबी आजकाल गप बसायच्या."

"मग आता कसं कळलं?"

"एका डब्यापायी इतकं कोण भांडतं?"

खरे दोघं जिवंत होते. धर्माबादला तिच्या वस्तीच्या मागं मिरचीचं एक कोल्ड स्टोरेज आहे, कैक वर्षं बंद पडलेलं. बंद असून त्याचा कॉम्प्रेसर घरघरत होता. हिनं भिंतीच्या फटीतून बघितलं. आत थंडीत दोघं झोपवून ठेवलेले. ते झोपलेले असेस्तोवर नकल्यांचं रूप टिकायचं. उठले की संपलं. पण त्या दोन नकल्यांतला एक सतत तिकडं फेऱ्या मारायचा. हिला आत जाताच येईना. आणि बाकीची फौज येळवसला उतरणार होती, दुपारी. हे सगळं हिनं त्यांच्यात बसून ऐकलेलं. लातूरचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात, हे त्यांनी वरून बघून ठेवलेलं.

"दोघं एकाच टायमाला लांब गेले पाहिजेत," शोभा म्हणली. "आणि परत यायला नको."

मी म्हणले, "बाई, लोकांना लांब पाठवायचंच तर मला पगार हाय."

येळवसच्या सकाळी दोघं ड्युटीवर, पॉलिश केल्यासारखे. मी व्यंकटला कॉल दिला, औराद शहाजानीच्या पलीकडं बस उलटलीय. रज्जाकला दिला, किनवटच्या जंगलात माणसं अडकलीत. एक टोक कर्नाटकाला, दुसरं तेलंगणाला. खरा व्यंकट असता तर म्हणला असता, "तिकडं कर्नाटकवाले झोपलेत का?" हे म्हणले, "क्लिअर, मॅडम." शेवटच्या घटकेपर्यंत संशय येऊ द्यायचा नाही, असा त्यांना हुकूम असावा. गेले. शोभा जीप घेऊन धर्माबादकडं.

थोड्या वेळानं दोघांचे आवाज आले, इथं काही नाही. मी सांगितलं, तिथंच थांबा, पुढचा आदेश येईस्तोवर. थांबले. मला जरा दयाच आली.

तेवढ्यात साहेब आत आले. त्यांनी औरादला फोन लावला होता, तिकडं कुठलीच बस उलटली नव्हती.

"ताई, हे काय चाललंय? खोटे कॉल?"

"हो, साहेब."

"त्यांना परत बोलवा." मी हलले नाही, तर त्यांनीच माइक ओढला.

कोल्ड स्टोरेज, टाकी, ट्रॅक्टर, हे सगळं सांगेस्तोवर ते परत आले असते. मी एवढंच म्हणले, "साहेब, व्यंकटनं येळवसला रजा मागितली न्हाई."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा अंगठा माइकच्या बटनावर. मी म्हणले, "तुमच्या गावची जत्रा डोळ्यांपुढं आणा. आणि तुमच्या गावचा कुणी म्हणतोय, मी जत्रेला येत न्हाई, मी इथंच थांबतो. हसत न्हाई, रडत न्हाई. काय म्हणाल?"

त्यांनी बटनावरचा अंगठा काढला. मग माइक टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "चहा सांगू का?" म्हणाले.

आम्ही दोघं चहा प्यायलो. लाईनीवर नुसती खरखर. ऊन डोक्यावर आलं. औरादहून व्यंकटचा आवाज आला, "मॅडम, आता आम्हाला निघावं लागेल." पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून काही मागितलं होतं. मी म्हणले, थांबा. तो म्हणला, निघतो. आणि वाक्य अर्ध्यातच पाण्यात बुडाल्यासारखं बंद झालं. किनवटची लाईन पण बंद.

मग धर्माबादची लाईन.

"जय भीम, ताई."

दिवाळीपासून ऐकलं नव्हतं गं. मी माइक साहेबांपुढं सरकवला. साहेबांनीच उत्तर दिलं, "जय भीम, शोभाताई. बोला."

"दोघंबी उठले. रज्जाकला हुडहुडी भरलीय, चहा मागून राहिला. आणि व्यंकट विचारून राहिला, आज येळवस का? त्याची रजा मंजूर हाय का न्हाई?"

त्या दुपारी शेतात जेवणाऱ्या पुष्कळांनी सांगितलं, की एक मोठी सावली डोक्यावर आली, थोडा वेळ थांबली, आणि आल्या वाटेनं गेली. खाली खूण करणारं त्यांचं कुणी उरलंच नव्हतं. ढग असेल म्हणून लोकांनी आंबील आणखी एक वाटी घेतली. टाकीतल्याचं म्हणशील, तर झाकण उघडल्यावर आत नुसतं पाणी निघालं.

मला खोटे कॉल दिल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. साहेबांनीच खुलासा लिहून दिला, मी सही केली. शोभाचा सत्कार करायचं ठरलं, ती नको म्हणली. तिला सोंग उतरवायला वेळ लागला. मधीच "मॅडम" म्हणायची आणि स्वतःच दचकायची. मी तिला पत्ता अर्धवट सांगायची, मुद्दाम. हळूहळू ती परत खोदायला लागली, पूल कोणता, अलीकडं का पलीकडं. एक दिवस माझ्यावर वैतागली, "ताई, नीट सांगत जा की." त्या दिवशी मी घरी खीर केली.

तर असं आहे. तुझ्या रूममधी कुणी वाद घालत असेल, रजेसाठी तोंड फुगवत असेल, तर तो खरा आहे असं समज आणि कामाला लाव. सगळं गोड चाललं, की मात्र एकदा उठून माणसाच्या तोंडाकडं बघ.

आणि आता येळवस जवळ आलीय. चाकूरला आपल्या शेतात शोभा येणार, व्यंकट तर येणारच. तू पण ये. साहेब रजा देणार नाहीत, ठाऊक आहे. भांडून घे, पण ये. आणि येताना मागच्या वेळचा माझा डबा घेऊन ये.