लोखंडी हिऱ्याची खांद

फुलसावंगीच्या रस्त्यावर रामधनचं वेल्डिंगचं दुकान आहे. नांगर, टिफण, ट्रॉलीचा हुक, काय मोडलं असेल ते आणा, तो जोडून देतो. पण हा बाबा तेवढ्यावर थांबेल तर शपथ! भंगारातून तो असे काही जीव घडवतो, की बघणाऱ्याच्या हातातला चहा थंड होऊन जातो.

यंदा त्यानं बैल केला. थ्रेशरच्या ड्रमचं पोट, कल्टिव्हेटरच्या फणांचे पाय, शेपटीला मोटारसायकलची चेन. आणि तोंड? तोंड त्याच्या याडीचं, म्हणजे आईचं, रूपीबाईचं! बंजारा बायका कानाजवळ केसांत लोंबत्या घालतात त्या घुगऱ्यासुद्धा बेअरिंगच्या गोळ्यांच्या.

घरचा हिऱ्या बैल म्हातारा होऊन गेला, त्याच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हापासून रूपीबाई पोळ्याला घराबाहेर पडत नव्हती. पोळ्याला सारे बैल जमतात त्या तोरणाखाली तिला पुन्हा न्यायचं, यासाठीच रामधनचा सारा खटाटोप. पण तांड्याचे नायक हिरासिंग म्हणाले, "लोखंडाले पोळ्यात कायले उभं करतं बाप्पा? तुह्या याडीनं खांद शेकली, तरच आन."

खांद शेकायची ती पोळ्याच्या आदल्या सांजेला. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं.

रूपीबाई वाटी घेऊन आली. आपलंच तोंड बघून लाजली. "काऊन रे पोट्ट्या, मले शिंगं लावले?" हसत हसत हात फिरवत ती खांद्यापाशी आली आणि थबकली. रामधननं मोठ्या हौसेनं ग्राइंडर मारून तो खांदा आरशासारखा गुळगुळीत केला होता.

"यानं त जू वढलंच नाही कधी," ती म्हणाली. "घट्टा कुठी हाये?" आणि वाटी तशीच घेऊन घरात गेली.

रामधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गडी चिवट! त्यानं मशीन पेटवली आणि त्या गुळगुळीत खांद्यावर वेल्डिंगचे थरावर थर चढवले. लहानपणी हिऱ्याच्या मानेला लोंबकळून तो खेळला होता. घट्टा कुठं जाड, कुठं खरखरीत, हे हातालाच ठाऊक होतं. लोखंड हात लावण्याइतकं निवल्यावर त्यानं तिला हाक मारली.

"याडी, आता पाह्य."

तिनं डोळे मिटून हात ठेवला. बोटं त्या गाठीवर थांबली.

"माह्या हिऱ्या रे!" म्हणत तिला रडूच फुटलं. अजून ऊबदार असलेल्या त्या लोखंडाला तिनं तूप-हळद चोळली, अगदी जिवंत कातड्याला चोळावी तशी.

"आज आवतन घे, उद्या जेवायले ये," ती त्याच्या कानात म्हणाली. "अन् तोरणाखाली मीबी येतो तुह्या संगं."