खो देणारी अयोध्या

परवा धाराशिवच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात एकजण मोठ्या तोंडानं सांगत होता, "पोरींच्यात दमच नव्हता. सायबानं एवढा पैसा वतला, पोरींनी माती केली." माझ्या हातात बशी होती. ती त्याच्या डोक्यावर रिकामी करावी असं मनात आलं. केली नाही, कारण चहा गरम होता आणि पैसे मी दिले होते.

पण राग गिळला गेला नाही. ज्याला खो-खोतला ओ की ठो कळत नाही तोसुद्धा आता पोरींच्या नावानं बोटं मोडतो. अशांसाठी आणि थोडं माझ्यासाठीही, अयोध्याचं काय झालं ते सांगतो.

मी गुरुसिद्धप्पा, राहणार मुरुम. तीस वर्षं शाळांमधून खेळाचा मास्तर होतो, त्यातली अकरा वर्षं परंड्यात काढली. निवृत्त झालो आणि चार वर्षांपूर्वी दख्खन खो-खो लीग निघाली, तेव्हा आमच्या जिल्ह्याच्या पोरींच्या संघाचा गुणलेखक झालो. कुणी किती गडी मारले, किती मिनिटाला मारले, ते कागदावर लिहायचं. एवढंच काम.

अयोध्या ही माझी परंड्याची विद्यार्थिनी. आता एकतीस वर्षांची आहे. नवरा इंद्रजित, परंड्याला स्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान. भला माणूस. बायकोचा सामना असला की दुकानाचं शटर ओढून येतो आणि पहिल्या रांगेत बसून घसा बसेपर्यंत ओरडतो. सासूला मात्र हे पसंत नव्हतं. दोन लेकरांच्या आईनं चड्डी घालून पळायचं म्हणजे काय, हा तिचा रोजचा सवाल. अयोध्यानं तिला सांगून ठेवलं होतं, पगार मिळतोय तोवर खेळणार, पगार थांबला की मैदान बंद. मला मात्र एकदा म्हणाली होती, "मैदान सुटलं की म्या संपले सर. मग निसती भाकरी थापायची आन मरायचं."

ती संघात काय करायची? खो द्यायची. हसू नका. आठजणी ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पळते. पळणारीला मागं फिरता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. गडी रेघेपलीकडं गेला की तिनं बसलेलीच्या पाठीवर हात ठेवून खो म्हणायचं आणि तिची जागा घ्यायची. मग ती उठते आणि गडी मारते. टाळ्या उठलेलीला. पण हात अर्धा क्षण आधी पडला तर गडी सावध होतो, उशिरा पडला तर निसटतो. अयोध्याचा हात कधी चुकायचा नाही. गड्याकडं सगळेच बघतात, ती बसलेलीच्या पायाच्या अंगठ्याकडं बघायची. अंगठा मातीत रुतला, म्हणजे पोरगी उठायला तयार. तसा खो देणारी मी तीस वर्षांत दुसरी पाहिली नाही.

सुरुवातीला संघाचे मालक अकराजण होते. मुरुमचे डाळमिलवाले वीरभद्रअण्णा त्यांच्यात मोठे. बाकी शिक्षक, दुकानदार, एक डॉक्टर. अण्णांना खेळातलं फार कळत नव्हतं, पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवली. हंगामात प्रत्येक पोरीला महिन्याला दहा हजार, गडी मारणारीलाही आणि राखीव बसणारीलाही. कुणीतरी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "पंगतीत वाढताना तोंड बघून वाढत्यात व्हय रे?" सरावाला यायचे, प्रत्येकीला "यव्वा, जेवलीस का?" म्हणून विचारायचे. आठ संघांत आम्ही एकदा चौथे आलो, एकदा पाचवे. कप मिळाला नाही, पण आमच्या पोरींशी खेळायचं म्हटलं की पुण्याच्या संघालाही घाम फुटायचा.

मग प्रवासखर्च वाढला, जाहिरातवाला पळाला, अकराजणांतले सहा गळाले. अण्णांनी दोन हंगाम पदरमोड केली आणि शेवटी संघ विकला. त्यांना मी दोष देत नाही. डाळमिल विकून खो-खो चालवावा, असं कुणाच्या घरचे म्हणतील?

घेणारे दिग्विजयसाहेब. तुळजापुरात त्यांचे तीन लॉज आहेत. वय चाळीस, कपडे कडक, बोलणं त्याहून कडक. तुळजापूरच्या स्टँडवर बस थांबली की लॉजचे पोरगे भाविकांच्या पिशव्या धरायला धावतात, ते तुम्ही पाहिलं असेल. साहेबांच्या लॉजवर त्या पोरांना पगार नावापुरता, माणूस आणला की माणशी कमिशन. या हिशेबावर साहेबांनी एकाचे तीन लॉज केले. तर म्हणाले, हाच नियम संघाला.

पहिल्या बैठकीत त्यांनी तो सांगितला. "महिन्याला चार हजार बांधलेले. वर एक गडी मारला की एक हजार. जी पळेल ती कमवेल. फुकट बसायचे पैसे बंद."

बसायचे पैसे बंद! खो-खोत आठजणी बसतात म्हणून नववी पळते, हे या उंटावरच्या शहाण्याला कुणी सांगायचं? प्रशिक्षकानं सांगायला हवं होतं, पण नवा प्रशिक्षक साहेबांचा मेहुणा होता. तो मान डोलावत राहिला. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू.

त्याच महिन्यात साहेबांनी सीमेपलीकडून शिवरंजनीला आणलं. नऊ लाखांना. गावभर तिचे बॅनर लागले. बाकी सगळ्या पोरींचा मिळून हंगामाचा पगार तिच्या निम्म्याला येत नव्हता. मालिश करणारी बाई कमी केली, सरावानंतरची केळी आणि अंडी बंद झाली. गुडघ्याचे पट्टे पोरींनी आपापले आणायचे. एकूण खर्च अण्णांच्या दुप्पट, आणि बारापैकी अकरा पोरी पहिल्यापेक्षा गरीब. याला म्हणे गुंतवणूक म्हणतात.

शिवरंजनीची यात काही चूक नव्हती, हे आधीच सांगतो. पोरगी वाघीण होती. उठली की दोन पावलांत गडी. आणि मनानं सरळ. पहिल्याच सरावाला अयोध्याजवळ येऊन आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "अक्का, माझ्या शेजारी तूच बस. वेळेला हात पडला न्हाय तर मी नऊ लाखाची काय, नऊ रुपयाची बी न्हाय."

हंगाम सुरू झाला आणि जे व्हायचं ते झालं. पहिल्या सामन्यात शिवप्रिया नावाची आमची एक चपळ पोरगी गड्यामागं सुटली. गडी रेघ ओलांडून पलीकडं गेला. समोर चौघीजणी पाठ करून बसलेल्या. एकीला खो दिला की गडी मेला. पण खो दिला की हजार रुपये दुसरीचे! शिवप्रिया तशीच पळत सुटली, खांबाला वळसा घालून पुन्हा पलीकडं, तोवर गडी परत अलीकडं. दीड मिनिट ती एकटी पळाली. बसलेल्या पोरी माना वळवून "खो दे, खो दे" म्हणून किंचाळत होत्या. दुसरी उठली, तिनंही तेच केलं. आणि त्यांना तरी काय बोलायचं? शिवप्रियाचा बाप मजुरीला जातो. चार हजारांत तिनं घरी काय पाठवायचं? भूक दाखवून पळवायचं आणि वर म्हणायचं, संघभावना नाही. लाज वाटायला पाहिजे.

सात मिनिटांच्या पाळीत पूर्वी दहा-अकरा गडी मारणारा संघ चारावर आला. एकटी अयोध्या खो देत राहिली. तिच्यामुळं शिवरंजनीला गडी मिळायचे, बाकीच्यांचं सगळं वाऱ्यावर. सहा सामने झाले. एक जिंकलो, पाच हरलो.

सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्याच्या आधी साहेबांनी सगळ्यांना तुळजापूरच्या लॉजवर बोलावलं. खाली भाविकांची गर्दी, वर ऑफिसात आम्ही. मला म्हणाले, "गुरुजी, वाचा."

मी वाचलं. शिवरंजनी अकरा. शिवप्रिया चार. कुणाचे तीन, कुणाचे दोन. अयोध्या शून्य.

"सहा सामन्यांत शून्य?" साहेब तिच्याकडं वळले. "मग तू करतेस काय?"

"खो देते सायब."

"ते तर सगळ्याच देतात."

"कोनच देत न्हाय," अयोध्या म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "शिवरंजनीचे अकरा गडी हायेत, त्यातल्या नऊ गड्यास्नी खो माजा हुता. इचारा तिला."

शिवरंजनी उभी राहिली. "खरं आहे सर. नऊ कमी सांगितली तिनं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "कागदावर आहे का तसं?"

कागदावर नव्हतं. गुणपत्रकात गडी मारणारीचा रकाना असतो, खो देणारीचा नसतो. साऱ्या जगात नसतो. पण मला माहीत होतं. मी प्रत्येक सामना डोळ्यांनी पाहिला होता. तिथं उभं राहून सांगायला पाहिजे होतं, की साहेब, तुमचा संघ हिच्या हातावर उभा आहे, आणि तुमची कमिशनची पद्धत स्टँडवर चालते, मैदानात नाही. तेवढं बोलायला काय लागत होतं? मला मिळणारं मानधन गेलं असतं, दुसरं काय. माझी पेन्शन आहे, घर आहे.

मी म्हणालो, "खोचा रकाना नसतो साहेब."

"झालं तर मग. अयोध्या, शेवटचा सामना आहे. गडी मारून दाखव, पुढच्या हंगामाचा करार लगेच देतो. नाही जमलं तर घरी बसायचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आणि मी संन्याशाच्या शेजारी कागद धरून उभा होतो.

शेवटचा सामना धाराशिवला होता. जिंकलो असतो तर शेवटून पहिला नंबर टळला असता. इंद्रजित पहिल्या रांगेत होता. आमची पाळी आली. शिवरंजनीनं सुरुवातीलाच एक गडी मारला, आणि थोड्या वेळानं अयोध्याला खो मिळाला.

ती उठली. गडी रेघ ओलांडून पलीकडं गेला. शिवरंजनी बरोबर समोर बसलेली, गड्याच्या बाजूला तोंड, अंगठा मातीत रुतलेला. एवढा सोपा खो अयोध्यानं डोळे मिटून दिला असता. शिवरंजनीनं मान जराशी वळवून वाट पाहिली.

अयोध्या तिच्या पाठीमागून निघून गेली.

खांबापर्यंत पळाली, वळली, पलीकडच्या बाजूनं गड्याला कोपऱ्यात घेतला, अंग टाकून मारला. लोक उभे राहिले. पुन्हा उठली, पुन्हा तशीच पळाली. गुडघा सुजलेला होता, पट्टा आपल्याच पैशांचा. दुसरा गडी. मग तिसरा. एकेका गड्याला दीड-दीड मिनिट जात होतं, मधे बसलेल्या पोरी नुसत्या बसून होत्या. पाळी संपली तेव्हा सगळे मिळून पाच गडी झाले होते. आम्ही सात गुणांनी हरलो. इंद्रजितनं तोंडातून एक शब्द काढला नाही.

साहेब मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, "बघितलं का गुरुजी? मी सांगत नव्हतो? शेवटी खेळायला शिकली का नाही!"

संघ आठव्या नंबरवर गेला, आणि या माणसाला आपली पद्धत बरोबर असल्याचा पुरावा मिळाला.

दुसऱ्या दिवशी लॉजवर करार झाला. अयोध्यानं सही केली. साक्षीदार पाहिजे होता म्हणून तिच्याखाली मी केली. साहेबांनी पेढा दिला, तो तिनं टेबलावरच ठेवला.

तिला सोडायला मी तुळजापूरच्या स्टँडपर्यंत गेलो. परंड्याला जायला बार्शीची बस यायची होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "चला, जागा तर राहिली तुझी."

ती माझ्याकडं वळली. इतकी वर्षं तिला ओळखतो, पण तिच्या तोंडावर एवढा संताप मी कधी पाहिला नव्हता.

"सर, सातवीत आसताना म्या एकदा खो न देता पळाले हुते. गडी मारला हुता म्या. तरी तुमी सगळ्या शाळंसमोर हातावर छडी मारली. म्हनला, एकटी पळायची आसंल तर शर्यतीत जा, खो-खोत येऊ नगो. म्या घरी जाऊन रडले न्हाय, कारन तुमचं बरोबर हुतं." आजूबाजूला लॉजची पोरं पिशव्या धरून ओरडत होती. "बारा वर्साच्या पोरीला मारायला हात उचलत हुता तुमचा. मग परवा त्या सायबासमोर तुमचं तोंड का न्हाय उघडलं?"

बस आली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि सुजलेल्या पायानं एकेक पायरी चढली. खिडकीपाशी बसली, पण खाली माझ्याकडं पाहिलं नाही, आणि बस सुटेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.