नळीतला तांदूळ

पोशेऱ्याच्या उतारावर नागलीची रोपं लावताना मला पायाला साप चावला. साप असा, की शेपूट पोशेऱ्यात आणि तोंड मोखाड्यात. आत्या म्हणते, वीतभर होता. माझी बोंब मात्र जव्हारपर्यंत गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं. "वीस मिनिटं हात लावायचा नाही. गोठलं तर बरं. पातळच राहिलं तर विष भिनलंय."

भीतीनं पाय भोपळ्याएवढा वाटत होता. पापणी मिटली तर मरेन, अशा बेतानं मी नळीकडे बघत राहिलो. आत्यानं वाटेत भगताकडून मंतरलेले तांदूळ आणले होते. बाईंची पाठ वळताच तिनं एक दाणा नळीत टाकला, वर नळी हलवूनही पाहिली.

"आता ही नळी खरं सांगणार नाही," म्हणत बाईंनी पुन्हा सुई टोचली. पुन्हा तेवढाच वेळ. तेवढ्यात माझं वर्षश्राद्धसुद्धा मनातल्या मनात उरकलं.

या खेपेला नळी कलती केली तरी रक्त जागचं हललं नाही. मी टुणकन उठलो.

"झोपा. काही तासांनी परत बघायचंय."

"माझा देव एकदाच सांगतो," आत्या फणकारली. "तुझ्या काचेला किती येळा इचारायचं गं?"

"चुकायला नको म्हणून, आजी."

म्हणजे चुकू शकतं! पण स्वतःच्याच उत्तराला पुन्हा विचारणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून निमूट आडवा झालो.

"आत्ये," मी हळूच म्हणालो, "उरलेले दाणे मुठीत घट्ट धर. फक्त नळीपासून लांब बस."