शेवटची खूण पोचायला हवी

माझी मावशी दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं बोलते. तिचं कामच ते आहे. एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला खुणा येत नाहीत, अशा दोघांच्या मधे ती बसते. याचं बोलणं हातांनी त्याच्याकडे नेते, त्याच्या हातांचं बोलणं तोंडाने याच्याकडे आणते. दवाखाना, बँक, कोर्ट, शाळेतली पालकसभा, जिथे बोलावतील तिथे.

ही भाषा तिला घरातच मिळाली. मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. बाकीचे त्याच्याशी ओठ ताणताणून बोलायचे. मावशी मात्र त्याच्या शाळेतल्या पोरांच्या घोळक्यात घुसली आणि खुणा शिकून आली. आजी म्हणायची, "ही आधी हातांनी भांडायला शिकली, तोंडाने नंतर." मामा पुढे पुस्तकं बांधायच्या कामात पडला, मावशी दुभाषी झाली, आणि भांडण दोघांनीही सोडलं नाही.

गेल्या वर्षी बसमधून उतरताना मावशीचा पाय पायरीवरून सटकला आणि गुडघा चांगलाच दुखावला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी जिन्याची चढउतार बंद सांगितली. मी तेव्हा नोकरीसाठी तिच्याकडेच राहत होते. खुर्चीत बसून ती खिडकीबाहेर बघायची आणि तिचे हात मांडीवर आपले आपण चाळवत राहायचे, ते मला बघवायचं नाही.

मग तिच्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. "घरी बसून करा की काम. दवाखान्यात पेशंटसमोर एक स्क्रीन ठेवतो, तुम्ही इकडे लॅपटॉपवर. लॅपटॉप आम्ही पाठवतो, इंटरनेटचं तेवढं तुम्ही बघा."

तेवढं! इमारतीला नुकताच रंग दिला होता. भिंतीवरून नवी वायर ओढू देणार नाही, असं सोसायटीच्या मंडळींनी साफ सांगितलं. म्हणजे बिनवायरचं काहीतरी घेणं आलं. मावशीने रस्त्याच्या तोंडाशी मोठ्या फलकावर ज्याची जाहिरात होती तोच डोंगल मागवला. बोटाएवढी वस्तू, लॅपटॉपच्या कडेला खोचली की झालं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवतात आणि घरी क्रिकेट बघतात. त्यांनी त्यावर अख्खी मॅच बघितली. चित्र एकदाही अडखळलं नाही. "पास," काका म्हणाले, आणि मावशीनेही ते मान्य केलं.

पहिलंच काम एका बाईंचं होतं, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीचं. डॉक्टर सांगत होते, मावशी खुणा करत होती, त्या बाई मान हलवत होत्या. सगळं सुरळीत. डॉक्टर म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी आता घ्यायची नाही." मावशीने तसं सांगितलं. बाईंनी पुन्हा मान हलवली.

मावशीची एक जुनी सवय आहे. महत्त्वाचं काही असलं की ती समोरच्याला विचारते, काय समजलं ते मला सांगा बघू. तिने विचारलं. बाईंनी शांतपणे खुणा केल्या: गोळी, आता, घ्यायची.

खुणांमध्ये नकार शेवटी येतो. नेमका तोच हात तिकडे पोचला नव्हता. मावशीला स्वतःचं चित्र ठणठणीत दिसत होतं, बाईंचंही दिसत होतं. तुटत होतं ते फक्त तिकडच्या स्क्रीनवर.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "माझं चित्र तिकडे तुटक येतंय. आत्तापर्यंतचं सगळं रद्द धरा. गोळीचं वाक्य त्यांना कागदावर लिहून द्या, मोठ्या अक्षरात. बाकीच्यासाठी दुभाषी समोर बसलेला हवा, मी कुणालातरी पाठवायला सांगते."

"अहो, जवळजवळ सगळं कळतंय त्यांना," डॉक्टर म्हणाले. बाहेर रांग होती, त्यांचंही बरोबर होतं.

"जवळजवळ कळलेलं हे न कळलेल्यापेक्षा वाईट, डॉक्टर."

त्या बाईंसाठी दुसरी दुभाषी रिक्षाने गेली. मावशीने संस्थेत फोन करून स्वतःच सांगितलं, मला काम देऊ नका, माझी लाइन भरवशाची नाही. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "सगळ्यांचंच थोडंफार अडकतं हो." मावशी म्हणाली, "अडकू दे. माझं अडकलेलं मला कळलंय ना आता."

रात्री जेवताना काका बिचारे खालच्या आवाजात म्हणाले, "मॅच तर झक्क दिसत होती."

"मॅच आपल्याकडे येते, अहो," मावशी म्हणाली. "माझे हात इथून जायचे आहेत."

दोन दिवसांनी ती काठी घेऊन जिना उतरली. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी बरोबर होते, पण हात धरू दिला नाही. कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे. दुकानदार गळ्यात चष्मा अडकवलेला, पन्नाशीचा माणूस.

"नेट कशासाठी हवंय, मॅडम? पिक्चर बघायला की ऑफिसला?"

"हात दाखवायला."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "ज्योतिषाला?"

मावशी इतकी हसली की तिला काठी टेकून उभं राहावं लागलं. मग तिने सगळं सांगितलं. दुकानदाराने स्टूल पुढे केलं, समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि नीट समजावलं. जाहिरातीत मोठ्या आकड्यात असतो तो येणारा वेग. जाणारा वेग वेगळा, बहुतेक वेळा कमीच. तो बारीक अक्षरात लिहितात, लिहिला तर. आणि वेग असून भागत नाही, तो एकसारखा टिकायला हवा. "शिवाय बिनवायरचं म्हणजे सगळा टॉवरचा आणि भिंतीचा खेळ. एकाच इमारतीत पुढच्या घरात पळतं, मागच्या घरात रांगतं. तुमच्याकडे कुठलं पळेल हे मी छातीठोक सांगणार नाही. सांगितलं तर समजा मी विकतोय."

"मग मी काय करू?"

"घरी घालून बघा." त्याने सिमकार्डावर चालणारा एक राऊटर दिला आणि तीन कंपन्यांची तीन सिमं. "जे चालेल ते ठेवा, उरलेली परत आणा."

घरी काकांनी लॅपटॉपवर वेग मोजायचा उद्योग आरंभला. दर मिनिटाला नवा आकडा, आणि दर आकड्याला त्यांचा चेहरा पास-नापास व्हायचा. मावशीने आकडे ऐकून घेतले. जाणारा वेग ज्या खोलीत अगदीच मरगळलेला दिसला ती तिने बाद केली. पण शेवटचा निकाल आकड्यांवर सोडायला ती तयार नव्हती. तिने मामाला कामाला लावलं.

मामासारखा परीक्षक शोधून सापडला नसता. पुस्तकाची शिवण केसभर तिरकी गेली तरी उसवणारा माणूस, आणि बहिणीचं कौतुक चुकूनही न करणारा. ठरलं असं, की संध्याकाळी, सगळी इमारत घरी येऊन आपापले मोबाइल उघडून बसली की मावशी व्हिडिओवर त्याला एक नवा विनोद सांगणार. विनोदाचा जीव शेवटच्या खुणेत असतो. तो हसला कधी, यावर लाइनचा निकाल.

पहिल्या सिमवर मावशीने विनोद संपवला. मामाचा चेहरा दगड. ती जेवलास का विचारायला लागली तेव्हा तो खो खो हसला. दुसऱ्या सिमवर चित्र असं लख्ख, की मामाच्या कामाच्या टेबलावरचा डिंकाचा डबाही दिसत होता. पण तो अर्ध्यातच हसत सुटला.

"मधेच काय हसतोस, दादा?" मावशीच्या खुणा मला तेवढ्या कळायला लागल्या होत्या.

"तुझा हात नाकावर अडकला होता," मामाने कळवलं. "मला वाटलं तोच विनोद."

तिसरं सिम घातलं, राऊटर स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. समोर पाण्याची टाकी, टाकीमागे टॉवर. मावशीने विनोद सांगितला. मामा शेवटपर्यंत बघत राहिला, पापणीसुद्धा लवली नाही. मग त्याने सावकाश हात उचलले.

"सगळं दिसलं. विनोद भिकार आहे."

मावशीचा चेहरा असा उजळला, की काकांना वाटलं मामाने तिची स्तुती केली.

तरी एका दिवसावर तिने विश्वास टाकला नाही. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मामाला गाठून तिने त्याला बेजार केलं. राऊटर दिवाणखान्यात नेला की चित्र लटपटायचं, कपाटावर ठेवला तरी तेच, खिडकीत आणला की पुन्हा सरळ. तेव्हा तिचं ऑफिस स्वयंपाकघरातच असणार हे ठरलं. आम्ही टेबल सरकवलं. फुलाफुलांचा पडदा काढून तिच्या पाठीमागे साधं गडद निळं कापड लावलं, म्हणजे हात उठून दिसतील. रंग काकांनी निवडला आणि त्याबद्दल दोन दिवस व्याख्यान दिलं. काम चालू असताना मिक्सर बंद, कुकरची शिट्टी बंद. काकांचा चहा सकाळीच थर्मासमध्ये. "माझ्याच घरात मला स्वयंपाकघरात जायला अपॉइंटमेंट लागते," हे ते भेटेल त्याला सांगत, आणि सांगताना छाती फुगलेली असे.

दुकानात उरलेली दोन सिमं परत द्यायला मावशी स्वतः गेली. मग संस्थेच्या बाईंना फोन केला, "आता द्या काम."

काम येत गेलं. लांबच्या गावांतून जास्त, कारण तिथे दुभाषी नसतातच. प्रत्येक वेळी सुरुवातीला ती समोरच्याला सांगते: माझा हात थांबलेला दिसला तर लगेच हात वर करा, लाजू नका. लाइन कधी बिघडलीच तर ती काम थांबवते, रेटून नेत नाही. पुढे गुडघा बरा झाला. आता जवळच्या दवाखान्यांत ती पुन्हा जाऊन बसते, कारण काही बातम्या शेजारी बसूनच सांगायच्या असतात, असं तिचं मत. लांबच्यांसाठी खिडकीतला राऊटर आहेच.

परवा मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा स्क्रीनवर एका आडगावच्या दवाखान्यातले आजोबा होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेले. डॉक्टरांचं बोलणं दहा मिनिटांत आटोपलं, ते उठून गेले. आजोबा काही उठेनात. त्यांनी कबुतरं पाळली होती. कुठलं किती उंच जातं, कुठलं आळशी, कुठलं शेजारच्या छपरावर जाऊन बसतं, सगळं हातांनी सांगत सुटले. खुणा जाणणारं माणूस त्यांना केव्हापासून भेटलं नव्हतं कोण जाणे. मावशीने घड्याळाकडे बघितलं नाही. मधूनमधून प्रश्न विचारत राहिली.

काका रिकामा कप घेऊन दाराशी आले. जरा वेळ उभे राहिले. मग स्टूल ओढून तिथेच बसले, आणि मी काही बोलणार तोच ओठांवर बोट ठेवलं.