सामंतकाकूंची कंटिन्युइटी

जिन्यात मला अडवून सामंतकाकूंनी माझ्या कुडत्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी ह्याचं वरून दुसरं बटण पांढरं होतं. आज मोतिया आहे."

मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. त्यांचं नावही मला ठाऊक नव्हतं. बटण हरवलं, म्हणून आईने डब्यातलं सापडेल ते लावून दिलं, असं मी सांगितलं.

"लावू दे गं. मी फक्त सांगितलं," म्हणत त्या भाजीची पिशवी सावरत वर गेल्या.

पुढे कळलं की हे त्यांचं कामच होतं. अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये टीव्ही मालिकांची कंटिन्युइटी त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळली होती. मालिकेतली सून दारातून आत येते ते सोमवारी चित्रित होतं आणि सोफ्यावर बसते ते गुरुवारी. मधल्या दिवसांत तिची टिकली, पदर, हातातला कप आणि कपातला चहा जिथल्या तिथे राहिला पाहिजे, हे बघणारं माणूस म्हणजे सामंतकाकू. निवृत्तीनंतर मालिका सुटल्या, सवय सुटली नाही. कुणाकडे सत्यनारायणाला गेल्या तर गुरुजींना म्हणाल्या, "मागच्या वर्षी सुपारी डावीकडे होती." गुरुजींनी मुकाट्याने सुपारी हलवली.

मला सिनेमा करायचा होता. फिल्म स्कूलची फी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून घाटकोपरच्या एका विमा कार्यालयात नोकरी करत मी मोबाइलवर फुकटचे धडे बघायचे. दोन वर्षांत मला लेन्सचे सगळे प्रकार पाठ झाले होते आणि एकही शॉट घेऊन झाला नव्हता. चांगला कॅमेरा हातात आला की सुरुवात करू, असं मी ठरवलं होतं. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या.

"मग तो फोन कशाला बाळगतेस?"

"काकू, त्यात मागचं नीट ब्लर होत नाही."

"तुझ्या मागे काय असतं? सेक्रेटरी टिपणीसांची सायकल. चांगली आहे की सायकल. दिसू दे."

माझा पहिला धडा सोसायटीच्या वार्षिक सभेत झाला. काकूंनी फोन घरी ठेवायला लावला आणि वही आणायला सांगितली. जे दिसेल ते लिहायचं. त्या सभेत गच्चीवरून मोठी खडाजंगी झाली, कारण गच्चीची किल्ली वर्षभर हरवलेली होती आणि सेक्रेटरी टिपणीसकाका दुसरी करून घेत नव्हते. कोण काय बोललं ते मी चार पानं भरून लिहिलं. काकूंनी ती चाळली.

"हे टिपणीस पण लिहिणारच आहेत, इतिवृत्तात. तू काय बघितलंस?"

त्यांच्या वहीत दोनच ओळी होत्या. गच्ची हा शब्द नऊ वेळा आला. नऊही वेळा टिपणीसांचा हात उजव्या खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन टिपणीसांकडे गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "किल्ली त्या खिशात ठेवू नका, अस्तर फाटेल. मी फक्त सांगितलं." टिपणीसकाका आत गेले, किल्ली घेऊन आले आणि आम्हाला वर नेलं. पाण्याच्या टाकीमागे त्यांनी तेवीस कुंड्यांमध्ये टोमॅटो लावले होते. लोक वर आले तर तोडून नेतील ही त्यांना भीती. काकूंनी एक टोमॅटो हातात घेऊन न्याहाळला आणि मला म्हणाल्या, "लोकेशन मिळालं."

टिपणीसकाकांनी एकच अट घातली, त्यांना भूमिका हवी होती.

गोष्ट सात मिनिटांची होती. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून दोन शेजारी भांडतात आणि शेवटी दोरी वाटून घेतात. एक शेजारी टिपणीसकाका, दुसरी माझी आई. शूटिंग तीन रविवारांत करायचं. उजेड परतवायला फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, आवाजासाठी आईचा फोन, तो कपड्यांच्या बादलीत दडवलेला. कॅमेरा म्हणजे माझा फोन. काकू टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येक शॉटनंतर वहीत लिहायच्या. आईला अभिनयापेक्षा त्यांचीच धास्ती जास्त. घरी आल्यावर म्हणायची, "ही बाई माझी साडी बघते का मला बघते, काही कळत नाही."

तिसऱ्या रविवारी टिपणीसकाका आले ते काळेभोर केस घेऊन. आधीचे दोन रविवार ते पांढरेशुभ्र होते.

"पुतणीचा साखरपुडा होता काल," ते म्हणाले. "बरे दिसतायत ना?"

मी थर्माकोलवर बसकण मारली. वाट लागली होती. सगळं पहिल्यापासून घ्यावं लागणार, असं मी काकूंना म्हटलं. त्या टिपणीसांच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"सेटवर मी विग मागवला असता," त्या म्हणाल्या. "इथे विग कुठला? मग गोष्टीतल्या माणसाने केस रंगवलेत. का रंगवले ते तू शोध. लेखिका तू आहेस ना?"

अर्ध्या तासात मला ते सापडलं. भांडण मिटतं, त्या आनंदात शेजारी केस रंगवतो, ओलं डोकं पुसायला दोरीवरचं कापड ओढतो आणि ती निघते आईची पांढरी चादर. भांडण पुन्हा सुरू. मी आधी लिहिलेल्या गोड शेवटापेक्षा हा शेवट कितीतरी बरा होता. आईची चादर मात्र खरंच गेली.

फिल्म तळमजल्यावरच्या हॉलमध्ये टिपणीसांच्या टीव्हीवर दाखवली. लोक पहिल्या मिनिटापासून हसत होते. चौथ्या मिनिटाला काकू उभ्या राहिल्या.

"थांबव गं. चादरीचा चिमटा आधी लाल होता, आता पिवळा आहे."

"काकू, बसा ना, मागे दिसत नाही," कुणीतरी म्हणालं. त्या बसल्या. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, टिपणीसांनी दोनदा वाकून नमस्कार केला. खुर्च्या उचलताना काकूंनी मला गाठलं.

"तुला एडिट करताना दिसला होता चिमटा?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्या रागावल्या की मालवणीवर यायच्या. "माका म्हातारी समजलंस काय गो?" एवढंच म्हणाल्या आणि आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात समोर आल्या तरी माझ्या कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. ते मला फार लागलं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बेल वाजवली. हातात लाल चिमटा. "चल. त्या शॉटच्या वेळी टाकीची सावली तिसऱ्या कुंडीला टेकली होती. अजून वीस मिनिटं आहेत."

वर गेल्यावर सावलीची वाट बघत बसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. उन्हात रंगांचा घोळ व्हायचा. कुणाला बोलल्या नव्हत्या.

"चुकते गं मी पण," त्या म्हणाल्या. "पण सेटवर चूक सांगणारं माणूस एकच असतं. तेच गप्प बसलं तर सगळे मिळून चुकतात. उद्या मोठी झालीस, तरी कुणी सांगितलं तर ऐक. आणि तुला दिसलं तर सांग. माणूस रागावेल आठ दिवस."

आम्ही तो शॉट घेतला. चार सेकंदांचा, चादरीचं डाग नसलेलं टोक दोरीला लावून. त्यांच्या ऑपरेशनला मीच बरोबर गेले. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? काकू म्हणाल्या, "तुमच्या कोटाच्या बाहीवर वरणाचा डाग आहे."

दोन वर्षांनी सोसायटी पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी झाली, माणसं दहिसर, चेंबूर अशी पांगली. काकू कुडाळला भावाकडे गेल्या आणि तिथेच रमल्या. आमची फिल्म दोन महोत्सवांनी परत पाठवली, एका कॉलेजने दाखवली. तरी ती बघणारे आहेत. जुने शेजारी अजून लिंक मागतात, मधेच थांबवतात आणि मागे दिसणाऱ्या दुसऱ्या विंगमधली आपापली खिडकी शोधतात.

गेल्या वर्षी मला अंधेरीत एका मालिकेवर सहायकाचं काम मिळालं. पहिल्या आठवड्यात मी दिग्दर्शकांना हळूच सांगितलं, की नायकाचं घड्याळ कालच्या सीनमध्ये दुसऱ्या हातात होतं. त्यांनी तपासून बघितलं आणि विचारलं, "कुठे शिकलीस?"

"मुलुंडला."

"मुलुंडला फिल्म स्कूल आहे? माझ्या भाचीला घालायचंय."

संध्याकाळी कुडाळला फोन करून काकूंना हे सांगितलं. मागे कोंबड्यांचा गलका चालू होता.

"सांग त्याला," त्या म्हणाल्या, "बंद पडली. बिल्डिंग पाडली."