दिवेलागणीनंतर हडंबा बंद

आमच्या गावात पावडरचं दुकान नाही, हे आधी सांगून टाकते. दारूचं दुकान असलं की लढाई सोपी असते. बाया जमवा, दुकानासमोर बसा, मतदान मागा, बाटली आडवी करा. कॉलेजात असताना मंगरूळपीरकडच्या एका गावात मी हेच केलं होतं. पत्रक माझं, घोषणा माझ्या, घसाही माझाच बसला. तेव्हापासून मला वाटायचं की नशेला एक दार असतं आणि त्याला कुलूप घातलं की काम झालं.

पावडरला दार नाही. पेपरवाले तिला क्रिस्टल मेथ म्हणतात, आमच्याकडे नुसती पावडर. महामार्गावर थांबणाऱ्या गाड्यांकडून ती कुणाच्या तरी खिशात येते आणि खिशातच राहते. वास नाही, झिंगणं नाही, गटारात पडणं नाही. उलट ज्याच्या खिशात ती असते तो गावात कामाचा माणूस म्हणून मिरवतो. कारण तो थकत नाही.

माझा दादा थकत नव्हता.

दादा हडंबा चालवतो. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीयंत्र. सोयाबीन सोंगून झालं की शेताशेतात सुड्या, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, लागतात, आणि मग गावाचे डोळे आभाळाकडे अन् कान हडंब्याकडे. मशीन गावात एकच. मालक वेगळा, चालवणारा दादा. प्रत्येकाला आपला नंबर आधी पाहिजे. आज ह्याची सुडी, उद्या त्याची, आणि मागचा म्हणतो, रात्रीच लाव ना बाप्पा, तुले काय होते! रात्री लावायचं म्हणजे कुणीतरी रात्रभर जागायचं. सलग किती रात्री, हे कुणी विचारत नाही. शेतवाला चहा आणून देतो, पोळी-बेसन आणून देतो, आणि 'याले म्हंतात पोट्टा' म्हणून पाठीवर थाप मारतो. त्या थापेवर दादा एक अख्खा हंगाम जगला. थापेवर आणि पुडीवर.

आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो जेवत नव्हता. दातांवर दात घासायचा, आई म्हणायची जातं फिरल्यासारखा आवाज येतो. हातावर खाजवून खाजवून फोड केले होते. घरात बसला की दाराकडे तोंड करून बसायचा, कुणी येऊन राह्यलं म्हणायचा. कुणी येत नसायचं. मग एकदम दोन-दोन दिवस मेल्यासारखा झोपायचा, आणि उठला की आमच्यापैकी कुणाशीच बोलायचा नाही.

त्याच दिवसांत मी घरी नशाविरोधी पत्रकांचा गठ्ठा आणला होता. वर ठळक अक्षरांत माझं वाक्य: 'तरुणांनो, जागे व्हा!' दादानं एक कागद उचलला, वाचला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"अवो पुढारीन बाई," तो म्हणाला, "परवाच्यापासून डोया लागला नाई माहा. आनखी किती जागा होऊ?"

मला इतका राग आला की मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. त्याचा राग नव्हता तो. कागदाचा होता. ते पत्रक मी शहरातल्या पत्रकांवरून शिकून लिहिलं होतं. त्यात चैनीखोर पोरं होती, पार्ट्या होत्या, वाईट संगत होती. आमच्या पोरांची वाईट संगत कोण? सोयाबीन.

अकोल्याला त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथल्या डॉक्टरनं आमच्याशी सरळ बोलून टाकलं: ह्या नशेवर घरी न्यायला जादूची गोळी नाही. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, दर पंधरवड्याला येऊन बोलणं, आणि जिथं सवय लागली तिथून लांब राहणं. बाबांनी हात जोडून विचारलं, "साहेब, त्याले दुसरं कामच येत नाई. लांब म्हंजे कुठं?" डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं पुढच्या पंधरवड्याची तारीख कागदावर लिहून दिली.

सरकारनं काय केलं, तेही लिहिते. शाळेच्या मैदानात नशामुक्तीची शपथ झाली. उजवा हात पुढे, फोटो, बिस्किटांचे पुडे. पोलिसांनी महामार्गावरून दोन मजूर उचलले, ज्यांच्या खिशात स्वतःपुरतीच पुडी होती. आणणारा कोण, तो कुणालाच सापडला नाही. सापडेल कसा? शपथेच्या फोटोत नीट पाहिलं असतं तर कदाचित पहिल्या रांगेतच. माझ्याकडे पुरावा नाही म्हणून गप्प बसते, पण गप्प बसणं मला जमत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

दादा परत आला तो पोळ्याच्या सुमारास. अंगावर मांस धरलं होतं. पौर्णिमेला विहारात आमच्यासोबत बसला, पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शिलाला त्याचा आवाज इतका खाली गेला की शेजारच्या आजीनं वळून पाहिलं. आणि दसऱ्याआधी हडंब्याचा मालक दारात आला.

"हंगाम आला गड्या. येतं ना?"

आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. दादा माझ्याकडे पाहत नव्हता, पण मला ठाऊक होतं की त्याला काय म्हणायचंय. हो म्हटलं तर पुडी, नाही म्हटलं तर वर्षभर घरात बसून भिंत. त्या भिंतीकडे तो कसा पाहायचा ते मी पाहिलं होतं.

मग मी ग्रामसभेत उभी राहिले. पत्रक नाही, घोषणा नाही. एकच मागणी: दिवेलागणीनंतर हडंबा बंद. गावात कुणाच्याही शेतात, कुणाचीही सुडी असो.

"आन पानी आलं त मंग?" मागून कुणीतरी म्हणालं.

"ताडपत्री कायले हाय?" मी म्हटलं. "पोट्टे जाळता रातभर. आपल्याले दाने पाह्यजेत, पोट्टे नाई पाह्यजेत काय?"

बाया आधी बोलल्या. एकीचा पुतण्या मागच्या साली मशीनवर होता, आता तो कुणाला ओळखत नाही. दुसरीनं नाव न घेता आपल्या नवऱ्याबद्दल सांगितलं, आणि नवरा तिथंच बसला होता. हात वर झाले, सगळ्यांचे. मशीनमालकाचाही. मी फार हुरळले नाही. आभाळ निळं होतं आणि सोयाबीन अजून उभं होतं. अशा वेळी हात वर करायला काय जातं?

हंगाम सुरू झाला आणि मी रोज संध्याकाळी जिथं हडंबा असेल त्या बांधावर जाऊन उभी राहू लागले. तेवढंच माझं आंदोलन. सूर्य खाली गेला, विहारातला दिवा लागला की दादा ट्रॅक्टरची चावी फिरवायचा आणि सगळा धडधडाट एकदम थांबायचा. त्या शांततेत सगळ्या नजरा माझ्याकडे वळायच्या. शेतवाले कुटाराच्या, मळणीतून निघालेल्या भुशाच्या, ढिगाला लाथ मारायचे.

"आली पोलीसीन," एक काका म्हणायचे. "बाई, सूर्याले सांग ना थोडा थांब म्हना."

"काका, तुमीच सांगा. तुमचं त्याच्याशी बरं जमते, रोज त्याच्याकडंच पाह्यता."

लोक हसायचे, पण ते हसणं दिवसेंदिवस पातळ होत गेलं. मग पश्चिमेकडे ढग आले. पहिल्या दिवशी नुसते काळे, दुसऱ्या दिवशी कडाडणारे. रिसोडकडं पाणी झाल्याची बातमी फोनवर फिरली, ओल्या सुड्यांचे फोटो फिरले. ठरावाची भाषा बदलली. कुणी 'मोडा' म्हणत नव्हतं. प्रत्येक जण म्हणायचा, "आजच्या दिस." माझ्याच सुडीपुरतं. माझ्यानंतर लावा नियम. मी प्रत्येकाला नाही म्हटलं. दादाकडे पाहून म्हटलं. मला त्याचे हात दिसत होते. जुन्या जागी, मनगटाच्या वर, तो पुन्हा खाजवत होता.

आणि मग नंबर आला आमचा.

आधीच्या शेतातली सुडी मोठी निघाली. आमच्या वावरात हडंबा लागला तेव्हा उन्हं कलली होती. बाबा, आई, मी, मशीनवरचे मजूर, सगळे पेंढ्या उचलून देत होतो. कुणी पाणी प्यायलाही थांबत नव्हतं. अर्धी सुडी उरली आणि लांब विहारात दिवा लागला. आभाळात असं गडगडलं की मजुरांनी माना वर केल्या.

बाबा माझ्याकडे आले नाहीत. ते सरळ दादाकडे गेले.

"अर्धा घंटा, बाप्पा," ते म्हणाले. "सालभराचं हाय."

बाबा ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसले होते. हात वर करताना त्यांनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं होतं. आता त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला, आणि तरी त्यांच्यावर चिडता येईना. ती सुडी आम्ही सगळ्यांनी पाठीवर वाहिली होती. कुठंतरी माझ्याही मनात आलं, अर्धा तास म्हणजे काय.

अर्धा तास म्हणजे काय, ते मजुरांपैकी एकानं सांगून टाकलं. तो दादाच्या कानाशी झुकला, पण मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून मला ऐकू आलं. "हाय माह्याजवळ. घेऊन टाक जराशी, मंग अर्ध्या घंट्याचं काय घेऊन बसला, सकाळलोक चालवू. त्या वरच्या वावरवाल्याची बी उरकू."

दादानं चावी फिरवली. धडधडाट थांबला. मग तो खाली उतरला, पान्हा काढला, आणि हडंब्याचा पट्टा सोडवायला लागला. जाड, काळा, तेलकट पट्टा. त्याच्याशिवाय ट्रॅक्टर नुसता गुरगुरतो, आतलं चाक फिरत नाही. त्यानं तो वेटोळं करून खांद्यावर टाकला.

"अबे, पट्टा कायले नेतं?" मजूर म्हणाला.

"इथं राह्यला त मी राती परत येईन," दादा म्हणाला. "मले माह्याच भरोसा नाई."

तो चालायला लागला. मागं न पाहता. बाबा त्याच्यामागं चार पावलं गेले आणि थांबले. मग आम्ही तिघांनी उरलेल्या सुडीवर ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले. थेंब पडायला लागले होते.

पाऊस रात्रीतून बराच पडला. सकाळी उघडलं होतं आणि आमच्या दारात माणसं होती. मशीनमालक, वरच्या वावरातला शेतकरी, ते सूर्यवाले काका, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांना पट्टा पाहिजे होता. दादा आतल्या खोलीत झोपला होता, पट्टा डोक्याखाली घेऊन. उशी बाजूला लोळत होती. तोंड थोडं उघडं. दातांचा आवाज नव्हता.

"उठव त्याले," मालक म्हणाला. "पट्टा माहा हाय. दुसऱ्या पोट्ट्याले बसवतो मशीनवर."

"मशीन तुमची," मी म्हटलं, "ठरावाले हात बी तुमचाच होता."

"तुह्या ठरावानं सुड्या कुजतीन!"

आई दारात येऊन उभी राहिली. ती कधी कुठल्या सभेत बोललेली नाही. दोन्ही हात चौकटीला लावून ती म्हणाली, "झोपला हाय तो. किती महिन्यानं आपल्या आपून झोपला, तुमाले काय मालूम! कोनी आत यायचं नाई."

आवाज वाढला. मला वाटलं आता धक्काबुक्की होणार, आणि खरं सांगते, मी तयार होते. तेवढ्यात बाबा वावरातून आले. चिखलानं पाय भरलेले, दुपट्ट्यात काहीतरी बांधलेलं. त्यांनी ओट्यावर दुपट्टा सोडला. ओल्या शेंगा होत्या, फुगलेल्या, बोटानं दाबली की आतला दाणा मऊ लागत होता. ताडपत्रीखालून पाणी शिरलं होतं. सगळी नाही, पण सुडी खालून भिजली होती.

"हे पाहा," बाबा म्हणाले. "पाह्यलं? भिजली माही. मी नाई बोंबलून राह्यलो. तुमी कायले बोंबलता?"

काका काहीतरी बोलणार होते. त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणा पाहिला आणि खाली बसले. मालक बसला नाही, पण गेलाही नाही. आईनं चौकटीवरचे हात काढले नाहीत. अंगणात ऊन पसरत गेलं. मी सारखी आत-बाहेर करत होते, मला एका जागी उभं राहवत नव्हतं. आत तो झोपलेला, बाहेर हे ताटकळलेले, आणि वरच्या आभाळात एका कोपऱ्यात पुन्हा काळं धरायला लागलेलं. पलीकडच्या गावात असा ठराव नाही. तिथला हडंबा पाऊस येईपर्यंत चालला असणार, आमच्याकडे ऐकू येत होता की नाही ते मला आठवत नाही. तो पुडीवाला मजूर त्या दिवशी तिकडेच गेला, असं नंतर कळलं. महामार्ग तर जिथल्या तिथं आहे.

ऊन ओट्यावर चढलं तेव्हा आतून पट्टा सरकल्याचा आवाज आला. दादा दारात आला, आईच्या हाताखालून वाकून. गालावर पट्ट्याचा काळा वळ उमटला होता. त्यानं अंगणभर सगळ्यांकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग ओट्यावरच्या शेंगांकडे. तिथं त्याची नजर थोडी थांबली.

"कोनाचा नंबर हाय आज?" त्यानं विचारलं.

वरच्या वावरातल्या शेतकऱ्यानं हात वर केला, ग्रामसभेत करतात तसा.

"चाला," दादा म्हणाला. "पन जेवून येतो आधी."