हसू मशीनचं नव्हतं

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो तालुक्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांमुळे. शाळा सुटल्यावर ते आम्हाला कॅसेट लावून एक जुनी ब्रिटिश विनोदी मालिका दाखवायचे. टीव्हीत हशा उठायचा आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. “अरे, ते हसू मशीनचं आहे,” सर म्हणायचे. “बटण दाबलं की हसतं. त्याला कुठे काय कळतंय? तुम्ही शब्द ऐका.” माझी इंग्रजीची भीती गेली ती तिथे.

गेल्या महिन्यात सरांनी शाळेच्या स्मरणिकेतल्या त्यांच्या लेखाचं प्रूफ मला इकडे सिंगापुरात, क्लेमेंटीला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. “तपासून दे. चूक छापायची नाही.” मशीनचं वाक्य त्यात होतंच.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवताना मी ते कौतुकानं सांगितलं. ऑफिसातल्या वयस्क इंग्रज बाईंनी चमचा खाली ठेवला. “मशीन? त्या हशात माझी आई आहे!”

स्टुडिओत प्रेक्षक बसवत, त्या म्हणाल्या. बाहेर रस्त्यावर केलेलं चित्रीकरण आधीच झालेलं असे. ते या प्रेक्षकांना टीव्हीवर दाखवून त्यांचं हसू टिपून घेत. सेटवरच्या घराच्या भिंती प्लायवूडच्या, दार आपटलं की हलायच्या. हशा ओसरेपर्यंत नट हातात कप धरून तसाच थांबायचा. “एका भागात आईचा खोकलाही आहे.”

“तुझ्या सरांनी तुला गंडवलं लाह!” शेजारचा स्थानिक सहकारी त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला. मीही हसलो, पण फोन काढून सरांचं ते वाक्य पुन्हा वाचलं.

गप्प बसलो तर सरांच्या नावावर चूक छापली जाणार. सांगितलं तर इतक्या वर्षांनी त्यांचाच विद्यार्थी त्यांना खोटं ठरवणार. चार दिवस मी उत्तर दिलं नाही. मग हातानं पत्र लिहिलं आणि त्याचा फोटो पाठवला.

ती. सरांस सा. नमस्कार,
लेख तीनदा वाचला. एक वाक्य चुकलं आहे. ते हसू खऱ्या माणसांचं होतं. माझ्या सहकारी बाईंची आई त्यांत बसली होती. पण वाक्य काढू नका. ते खरं नव्हतं, एवढं पुढे लिहा. आणि हेही लिहा, की त्यावर विश्वास ठेवूनच एका मुलानं इंग्रजीत तोंड उघडलं. पहिल्या मुलाखतीत समोरचे तिघे हसले, तरी ते हसू मशीनचंच समजून मी बोलत राहिलो. माझं नाव घातलंत तरी चालेल. उत्तराला उशीर केला, माफ करा. छापखाना थांबत नसेल तर मला सांगा, मी त्यांच्याशी बोलतो.
तुमचा विद्यार्थी